दीड गुंज सोनं

"चालतंय का न्हाई ते ऱ्हाऊ द्या, बाई. आधी तेवढं पितळ झाकून द्या."

श्रावणातली दुपार होती. एक सर येऊन गेली होती आणि पागोळ्यांचं पाणी अजून फरशीवर टपटपत होतं. खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेले आजोबा ऐंशीच्या पुढे-मागे असतील. पांढरी टोपी, धोतर, चपलांना शिरोळकडच्या काळ्या रानाचा चिखल. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना पत्ता दिला होता. त्यांनी चंची सोडली, तिचे कप्पे सावकाश उलगडले, सुपारी, कात, चुन्याची डबी बाजूला सारली आणि सगळ्यात आतल्या कप्प्यातून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक खिशातलं घड्याळ काढून माझ्या हातावर ठेवलं. घड्याळाला काताचा वास होता. माझ्याकडे जुनी घड्याळं घेऊन येणाऱ्या माणसांची मागणी ठरलेली असते. एक तर 'चालू करून द्या', नाही तर 'विकलं तर काय येईल'. बरेचदा दुसरी मागणी पहिलीच्या आडून हळूच येते. पण झाकून द्या असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते गेल्यावर मी चहा टाकला, दूध उतू गेलं, आणि ओटा पुसताना लक्षात आलं की तो एक शब्द पायात मोडलेल्या कुसळासारखा आत राहिलाय.

घड्याळ मात्र देखणं होतं. झाकण नसलेलं, उघड्या तोंडाचं. पांढरीशुभ्र मिन्याची तबकडी, तिच्यावर रोमन आकडे, चारच्या आकड्यापासून मध्यापर्यंत गेलेली केसाएवढी चीर, निळ्या पोलादाचे काटे आणि खाली सहाच्या जागी सेकंदकाट्याची बारकी वाटी. मागची बाजू साधी, नक्षी नाही. सोनं तांबूस झाक असलेलं, जुन्या इंग्रजी घड्याळांचं असतं तसं. आणि जिथे जिथे हात लागतो तिथे ते संपलेलं. कडेला सगळीकडून, चावीच्या गुंडीभोवती, कडीच्या खाली, आणि पाठीवर उजवीकडे अंगठा टेकतो तिथे रुपयाएवढा फिका पिवळा डाग. पितळ एकटं असलं की डोळ्याला फसवू शकतं. सोन्याच्या शेजारी बसलं की त्याचं काही चालत नाही. 'पितळ उघडं पडलं' हे आपण इतक्या वेळा म्हणतो की त्यात खरोखरचं पितळ असतं हे विसरून जातो. माझ्या हातात ते शब्दशः उघडं पडलेलं होतं, आणि एक म्हातारा माणूस माझ्यासमोर बसून ते झाका म्हणत होता.

मागचं झाकण नखाने उचललं तर आत शिक्का होता. ए. एल. डी. ही अक्षरं, 'मून' असा शब्द, आणि बारीक इंग्रजीत एक लांबलचक वाक्य. त्याचा अर्थ असा, की दोन पत्रे सोन्याचे, मधे मिश्रधातूचा पत्रा, आणि हे २० वर्षं टिकेल याची हमी. आपल्याकडे ज्याला रोल्डगोल्ड म्हणतात त्याच्याच घराण्यातलं हे काम. हलक्या धातूच्या जाड ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी सोन्याचे पत्रे डाखायचे आणि तो ठोकळा रुळांखाली लाटत लाटत हवा तेवढा पातळ करायचा. उलटी पुरणपोळी म्हणा, वरची पारी महाग आणि आतलं पुरण स्वस्त. कितीही लाटलं तरी पारी फुटत नाही, कारण सोन्याइतका सोशिक धातू दुसरा नाही. मला त्या शिक्क्यातली गंमत वाटते ती हमीची. खोटं सोनं विकणारा कधी वर्षं सांगत नाही. इथे बनवणाऱ्याने झाकणाच्या आत स्वतःच लिहून ठेवलंय, की बाबा रे, हे भरीव सोनं नाही आणि हे एक दिवस झिजणार आहे. फक्त लिहिलंय अशा जागी, जी उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि अशा भाषेत, जी शिरोळ तालुक्यातल्या त्या घरात बहुधा कुणी वाचली नाही.

ए. एल. डी. म्हणजे ॲरन लफकिन डेनिसन. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा हा माणूस. घड्याळाचे भाग यंत्रावर बनवायचे आणि कुठलाही भाग कुठल्याही घड्याळात बसला पाहिजे, हे वेड त्याने घेतलं तेव्हा घड्याळ म्हणजे कारागिराने एकेक कानशीने जुळवलेली वस्तू होती. त्याची कंपनी १८५७ साली बुडाली. ज्यांनी ती विकत घेतली त्यांनी ती वॉल्थम या नावाने मोठी केली. डेनिसन तिथेच नोकरीला राहिला आणि पुढे तिथूनही बाहेर पडला. उतारवयात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला त्याने घड्याळांच्या केसेस, म्हणजे बाहेरची कवचं, बनवायचा धंदा उभा केला. १८९५ साली तो वारला, धंदा मुलाने चालवला. आजोबांच्या घड्याळाची केस डेनिसनची आणि आतलं यंत्र वॉल्थमचं. म्हणजे एका माणसाच्या हातून सुटलेलं घर आणि त्याने नव्याने बांधलेलं घर, दोन्ही एकाच घड्याळात. अशा जोड्या खूप सापडतात, इंग्लंडच्या बाजारात वॉल्थमची यंत्रं डेनिसनच्या केसमध्ये सर्रास बसवली जायची. तरी दर वेळी मला ती बघताना वाटणीनंतर एकाच अंगणात राहणारी दोन घरं आठवतात. हे मी त्या दिवशी उगीच मनात म्हटलं होतं. पुढे काय ऐकायचं आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

यंत्रावरच्या क्रमांकावरून साल लागतं. हे १९१०च्या आसपासचं होतं. म्हणजे २० वर्षांची हमी आजोबांच्या जन्माआधीच संपली होती.

मी या नादाला लागले ती नोकरीत असतानाच. ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी किल्ली टांगून तिला तांबं चढवायचं प्रात्यक्षिक दर वर्षी असायचं, आणि शेवटच्या बाकावरची पोरंही त्या दिवशी मान वर करायची. कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका बोळात एक घड्याळवाले काका बसायचे. नवऱ्याचं घड्याळ टाकायला गेले आणि त्यांच्या टेबलावर सुटं करून मांडलेलं यंत्र बघत उभी राहिले ती तासभर. नंतर दर शनिवारी जायला लागले. त्यांनी मला चिमटा धरायला शिकवलं, डोळ्याला भिंग लावून दुसरा डोळा न मिटता काम करायला शिकवलं, पेट्रोलमध्ये धुतलेली चाकं भुशात सुकवायला शिकवलं. शिकवलं म्हणजे बोलून नव्हे, चुकलं की 'हं' म्हणायचे. एकच गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायचे, की झीज पुसायची नाही. घड्याळ उघडायच्या आधी ते बाहेरून नीट बघायचं. माणूस डावखुरा होता की उजवा, रोज वापरायचा की लग्नाकार्यापुरतं काढायचा, साखळी जड होती की नुसती दोरी, सगळं झिजेवर लिहिलेलं असतं.

हे त्यांचं म्हणणं मला पटलं ते मात्र एक पाप केल्यावर. जुन्या बाजारात मला रॉस्कॉफ पद्धतीचं एक घड्याळ मिळालं होतं. गरिबांचं, कामगारांचं घड्याळ, पाठीवर रेल्वे इंजिन कोरलेलं. नवशिकीचा उत्साह. मी ते गुजरीत, सराफांच्या पेठेत, नेऊन चकचकीत करून, वर सोन्याचं पाणी देऊन आणलं. परत आलं तेव्हा एक ग्रॅमच्या बांगडीसारखं पिवळंजर्द झालेलं, आणि बफिंगच्या चाकाखाली इंजिनाचा धूर पार पुसला गेलेला. चाकं होती, डबा होता, धुराडं होतं, धूर नव्हता. काकांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि नुसतं म्हणाले, "गाडी बंद पडली." त्यानंतर वीसेक वर्षं मी कुठल्याही घड्याळाला मुलामा दिला नाही. लोक मागायचे, मी व्याख्यान द्यायची. आजोबांनाही दिलं. जुन्या वस्तूचं जुनेपण, हाताची खूण, वगैरे वगैरे. ते शांतपणे ऐकून घेत होते. मास्तरणीचं ऐकून घ्यायची त्या पिढीला सवय असते. मग म्हणाले, "व्हय. पर झाकाया लागंल."

हे घड्याळ त्यांचं नव्हतंच. त्यांच्या धाकट्या भावाचं. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली, आता त्याच्या बायकोकडे असतं. आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, मुंबईत गोदीवर असताना कुण्या साहेबाकडून घेतलं किंवा बक्षीस मिळालं. दोन्ही गोष्टी घरात सांगितल्या जातात. मुंबई म्हटल्यावर मला उगीच वाटून गेलं, की या घड्याळाने दोन वेळा दाखवल्या असतील. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एक वेळ ठरली तरी मुंबईने आपली जुनी वेळ काही ठिकाणी १९५५ पर्यंत सोडली नव्हती, ३९ मिनिटं मागे. रेल्वेच्या घड्याळात एक वाजलेले आणि शहरात अजून साडेबाराही नाहीत. काटे कुणाच्या वेळेला लावायचे हे खिशातल्या घड्याळाच्या मालकाला रोज ठरवावं लागत असणार. असो. दर पितृपंधरवड्यात भावाच्या तिथीला वहिनी हे घड्याळ फोटोपुढे, पानाशेजारी ठेवतात. मागच्या साली ठेवताना त्या म्हणाल्या, "भावजी, ह्ये असं फिकं फिकं काय दिसतंय हो?" आणि आजोबा म्हणाले होते, "घाण बसलीया. धुऊन आणतो."

तर तिथीच्या आत घड्याळ धुऊन हवं होतं.

काम सुरू केलं. मेन स्प्रिंग तुटलेली होती, तेलाचं चिकट काळं मेण झालेलं होतं, बाकी यंत्र अमर. वॉल्थमची ही यंत्रं उघडताना दर वेळी एक सुख मिळतं. आतल्या पितळी पट्ट्यांवर सोन्याचा बारीक मुलामा असतो. तो कुणाला दाखवायला नसतो, वर झाकण असतं. पितळ काळं पडू नये, त्याची मळी चाकांत जाऊ नये, एवढ्यासाठी. शंभर वर्षांनंतरही पेट्रोलमधून काढल्यावर तो पिठूळ सोनेरी रंग नुकत्याच फुटलेल्या परागासारखा दिसतो. जुन्या काळी हा मुलामा पाऱ्याने देत. सोनं पाऱ्यात कालवायचं, त्याचा लगदा पितळेला फासायचा आणि विस्तवावर पारा उडवून लावायचा. पारा हवेत जाई, तिथून कारागिराच्या छातीत आणि मेंदूत. सोनेरी दिसणाऱ्या कित्येक जुन्या वस्तूंमागे थरथरत्या हातांची, दात पडलेली माणसं आहेत. विजेने मुलामा द्यायची युक्ती निघाली आणि १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने तिचं पेटंट घेतलं, तेव्हा या धंद्यातली माणसं थोडी जास्त जगू लागली. तिथेही पोटॅशियम सायनाइडच लागतं, म्हणून हे काम मी घरी करत नाही. रसायनशास्त्र शिकवलंय याचा अर्थ स्वयंपाकघरात सायनाइड ठेवावं असा होत नाही.

झाकणाच्या आत जुन्या दुरुस्त्यांच्या खुणा होत्या. घड्याळजी लोक टोच्याने तारीख किंवा स्वतःचं चिन्ह ओरखडून ठेवतात, पुढच्या डॉक्टरसाठी केसपेपर. तशा तीन खुणा. आणि चौथी एक वेगळी, कडीच्या मुळाशी, आत वळलेल्या कडेवर. बारीक, तिरपी, खोल. मी भिंगातून पाहिली आणि कुठेतरी आपटलं असेल म्हणून सोडून दिली.

दर विचारायला म्हणून गुजरीत गेले. ज्यांच्याकडे मुलाम्याचं काम होतं ते कारागीर माझ्या वयाचे. पिढ्यान्‌पिढ्या सोन्यात असलेले आणि आता एक ग्रॅमच्या दागिन्यांवर पोट भरणारे. त्यांनी केस हातात घेतली आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलेली पण न वाचलेली ती खूण त्यांनी पहिल्या झटक्यात वाचली. "मॅडम, हा कानशीचा घाव आहे. कुणीतरी सोनाराकडून बघून घेतलंय. जुनं काम आहे, घावाच्या आत काळं बसलंय बघा." सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ते असं. भरीव सोनं आहे का हे बघायला सोनार सहसा न दिसणारी जागा निवडतो, तिथे कानस मारतो, वरचा थर ओलांडून आत काय आहे ते बघतो. म्हणजे हे पितळ पहिल्यांदा झिजेने उघडं पडलेलं नव्हतं. फार पूर्वी कुणीतरी ते मुद्दाम उघडून पाहिलं होतं, आणि तसंच झाकून ठेवलं होतं.

आजोबा पुढच्या बाजारच्या दिवशी आले तेव्हा मी काहीच विचारणार नव्हते. पण तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्यावर चेहऱ्यावर दिसत असणार. मी घड्याळ त्यांच्यापुढे धरून त्या जागेवर नखाने दाखवलं फक्त. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ठावं हुतं मला," ते म्हणाले.

मग जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांनी. वाटणीच्या आदल्या आठवड्यात ते घड्याळ घेऊन गुजरीत आले होते. सोनाराने कानस लावली, म्हणाला वर पत्रा आहे, आत पितळ. ते परत गेले आणि गप्प बसले. पंच बसले तेव्हा रान निम्मं-निम्मं झालं, भांडी झाली, बैल झाले. राहिलं घड्याळ आणि विहिरीच्या पाण्याची जादा पाळी. सोन्याचं घड्याळ एका पारड्यात, पाण्याची पाळी दुसऱ्यात. धाकटा म्हणाला, आबांचं घड्याळ मला द्या. "त्येला सोसच हुता त्येचा. ल्हानपणी आबाच्या मांडीवर बसून कानाला लावायचा. पितळ हाय म्हणलो असतो तरी त्यानं त्येच घेतलं असतं." थोडा वेळ गेला. बाहेर कुणाची तरी रिक्षा चालू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किक मारल्याचा आवाज येत होता. "पर म्या सांगिटलंच न्हाई, तर त्यो काय म्हणाला असता ह्ये कसं कळायचं?"

"आणि पाण्याची पाळी?" मी विचारलं. मला राग आला होता, आवाजातून तो लपला नसणार.

"दिली की परत. गेल्या साली. पुतण्याच्या नावावर करून दिली." मग टोपी काढून डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "त्येचंच तर वांदं झालंय, बाई. वहिनी गावभर सांगत्यात, भावजी लई मोठ्या मनाचं."

मी ते घड्याळ महिनाभर तसंच ठेवलं. यंत्र चालू झालं होतं, सेकंदाला पाच ठोके, टेबलावर पडल्या पडल्या आपलं काम करत होतं. दिवसाला दीडदोन मिनिटं मागे पडायचं, मग रोज थोडं थोडं जुळवत आणलं. मुलाम्याला मात्र नेलं नाही. पाण्याची पाळी म्हणजे काय हे मी शेतीवाली नसले तरी मला कळतं. पन्नास वर्षांतल्या उन्हाळ्यांचा हिशेब कोण करणार? धाकट्याने किती पिकं वाळताना पाहिली असतील, रात्री शेजारचं इंजिन चालू झाल्याचा आवाज ऐकत तो पडून राहिला असेल, आणि उशाशी हे घड्याळ टिकटिक करत असेल. मनात आलं की सरळ एसटीत बसावं, त्या वहिनींच्या दारात जावं आणि झाकण उघडून आतलं इंग्रजी वाचून दाखवावं. शिक्षिकेचा स्वभाव. चूक दिसली की लाल शाई. पण मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं असतं, बाई, तुम्ही कोण? आणि हे मला का सांगताय? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. नवऱ्याने आवडीने मागून घेतलेली एक वस्तू त्यांच्याकडे उरलीय. मी जाऊन तिच्यातलं सोनं काढून घ्यायचं?

त्या दिवसांत का कोण जाणे, मला सारखी कल्हई आठवायची. आमच्या लहानपणी गल्लीत कल्हईवाला आला की आई पातेली, तपेल्या, वरणाचं गुंड असं सगळं काढून द्यायची. तो जमिनीत खड्डा करून भाता बसवायचा, आणि आम्ही पोरं आपापला नंबर लावून भाता मारायचो. तापलेल्या भांड्यात तो कथलाची कांडी टेकवायचा, नवसागर टाकायचा, भप्पकन पांढरा धूर उठायचा, नाकात झणझणायचा. कापसाच्या बोळ्याने एक हात गरकन फिरवला की काळंकळकट पितळ चांदीसारखं व्हायचं, आणि भांडं पाण्यात बुडवल्यावर जो चर्रकन आवाज यायचा त्यासाठी आम्ही तासभर उकिडवे बसायचो. त्याला कुणी खोटं म्हणत नव्हतं. आतलं पितळ आहे हे सगळ्यांना माहीत होतं. उलट कल्हई नसलेल्या भांड्यात आमटी केली तर ती कळकायची, माणसं आजारी पडायची. कल्हई काही महिन्यांत जायची हेही ठाऊक असायचं, म्हणून तो माणूस पुन्हा यायचा. मग मी स्वतःला विचारायची, की ही कल्हई आणि ते सोन्याचं पाणी यात फरक काय? आणि उत्तर आलं की चटकन उठून दुसरं काहीतरी काम काढायची, कारण फरक उघड होता. कल्हई घराच्या अंगणात, सगळ्यांच्या समोर व्हायची.

तरीही मी केस गुजरीत नेली. का, याचं नेमकं कारण अजून हाती लागत नाही. तिथी जवळ आली होती हे एक. पितृपंधरवडा लागला होता, त्या दिवसांत कुणी सोनं घेत नाही, गुजरी ओस पडलेली होती, आणि कारागिरांना निवांत काम करायला वेळ होता हे दुसरं. ही कारणं नाहीत, सबबी आहेत, मला कळतं.

कारागिरांनी विचारलं, पिवळं करू की तांबूस? मी म्हटलं, जुन्या सोन्याला मिळतं, आणि बफचं चाक लावायचं नाही. मुळीच नाही. हाताने, मऊ फडक्याने जेवढं होईल तेवढंच. आतल्या शिक्क्याला हात लावायचा नाही. ते हसले, म्हणाले दिसणार नाही त्याची काळजी कशाला. केस सुटी केली, स्प्रिंगा काढल्या, सोड्याच्या पाण्यात उकळून तेलकटपणा घालवला. पितळ उघडं असलेल्या जागी आधी निकेलचा पातळ थर द्यावा लागतो, नाही तर सोनं हळूहळू तांब्या-पितळेत मुरत जातं आणि वरून फिकं पडतं. सोनंही झाकायला ठेवलं तर पितळेत जिरतं, हे मी वर्गात शिकवलं होतं पण असं कधी ऐकलं नव्हतं. मग कोमट सोन्याच्या पाण्यात तारेला लटकवून दिवा लागेल इतकीच वीज. ते म्हणाले, अर्धा मायक्रॉन पुरेल, सगळे तेवढाच देतात. मी मनातल्या मनात गणित केलं. केसची आतली-बाहेरची बाजू मिळून साधारण पन्नास चौरस सेंटिमीटर, अर्धा मायक्रॉन म्हणजे जेमतेम पन्नास मिलिग्रॅम सोनं. अर्धी गुंजसुद्धा नाही. पन्नास वर्षांच्या पाण्यावर अर्धी गुंज! मी म्हटलं, दोन मायक्रॉन द्या. "कशाला मॅडम, पैसे वर आलेत का?" तरी दिले. दीड गुंजेच्या थोडं वर गेलं असेल.

पाण्यातून काढल्यावर क्षणभर ते ओलं घड्याळ इतकं सुंदर दिसलं की माझी सगळी तत्त्वं तिथल्या तिथे गप्प झाली. अंगठ्याचा डाग नव्हता. कड भरून आली होती. मला वाईट वाटलं आणि आवडलं, दोन्ही एकदम, आणि कुठलं जास्त हे ठरवता येईना. कडीच्या मुळाशी भिंग लावून पाहिलं. मुलामा खड्डा भरत नाही, नुसता त्याच्यावर पसरतो. कानशीचा घाव होता तिथेच होता. फक्त सोनेरी झाला होता.

तिथीच्या आदल्या दिवशी आजोबा आले. घड्याळ हातात घेतल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. कानाला लावलं. मग अंगठा पाठीवर, बरोब्बर जिथे डाग होता तिथे टेकवला आणि लगेच उचलला, ओल्या रंगाला बोट लागल्यासारखा. पैसे किती विचारलं. मी मुलाम्याचे तेवढे घेतले. माझ्या कामाचे घ्यावेसे वाटले नाहीत, आणि ते औदार्य नव्हतं.

"किती दिस टिकंल?"

"रोज हाताळलं तर चार-पाच वर्षं. पेटीत ठेवलं, वर्षातून एकदा काढलं, तर बरीच."

ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागले. करंगळीपासून सुरुवात केली, ओठ हलत होते. मला वाटलं पिकाचं काही मोजतायत. तर्जनीच्या मधल्या पेरावर आले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"वहिनी माझ्यापरीस चार वर्सांनी ल्हान," ते म्हणाले. "पुरंल."

मग घड्याळ फडक्यात गुंडाळलं, चंचीच्या आतल्या कप्प्यात सारलं, वर सुपारी, कात, चुन्याची डबी, आणि दोरी आवळली. ते फाटकापर्यंत पोचले तरी मला ठोके ऐकू येतायत असं वाटत होतं. एवढ्या लांबून ते येत नसतात.